अंथरूण कोणी कापले? अव्वल विभागात चढलेल्या संघाच्या चाहत्यांचा कैवार

१/
दरवर्षी कुठला ना कुठला फुटबॉल संघ खालच्या विभागातून अव्वल विभागात चढतो. त्याच्या चाहत्यांच्या अंगावरचा गुलाल उतरण्याआधीच त्यांना उपदेश सुरू होतो. वर आलात, एवढे पुष्कळ झाले. आता तळाच्या तिघांत गेला नाहीत तरी देवापुढे नारळ फोडा. अंथरूण पाहून पाय पसरावेत. असा उपदेश करणारे समालोचक, संघमालक आणि मोठ्या संघांचे पाठीराखे स्वतःला वास्तववादी म्हणवतात. याहून अधिक मागणारा चाहता त्यांच्या लेखी अडाणी, हावरा किंवा कृतघ्न ठरतो.

हा धागा त्या उपदेशाविरुद्ध आहे. अंथरूण आज तोकडे आहे, हे मला मान्य आहे. परंतु ते तोकडे विणलेले नव्हते. ते कापले गेले. कोणत्या वर्षी कापले आणि कोणाच्या सोयीसाठी कापले, याची नोंद इतिहासात आहे.

२/
प्रथम बढती या कल्पनेचा जन्म पाहू. इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली आणि १८९२ मध्ये तिला दुसरा विभाग जोडला गेला. वर कोण जाणार आणि खाली कोण येणार, हे आरंभी हंगामाअखेरच्या 'कसोटी सामन्यां'वर ठरत असे. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्न्ली यांच्यातील शेवटचा कसोटी सामना बरोबरीत सुटला तर दोघांचीही सोय लागणार होती. दोन्ही संघांनी गोल करण्याचा प्रयत्नच केला नाही आणि सामना ०-० असा संपला. या लाजिरवाण्या प्रकारानंतर कसोटी सामने रद्द झाले. पुढच्या हंगामापासून तळाचे दोन संघ आपोआप खाली आणि खालच्या विभागातील पहिले दोन आपोआप वर, असा नियम आला.

म्हणजे बढती ही वरच्यांनी खालच्यांना घातलेली भीक कधीच नव्हती. संगनमताला आळा घालण्यासाठी केलेला तो न्यायाचा नियम होता. मैदानावर कमावलेले कोणीही हिरावून घेणार नाही, हे वचन त्यात होते.

३/
योगायोग असा की त्याच १८९८ मध्ये कलकत्त्यातही फुटबॉल लीग सुरू झाली. पहिले विजेते होते ग्लॉस्टरशायर रेजिमेंट. पलटणींचे आणि गोऱ्या नागरिकांचे संघ आपापसांत खेळत. भारतीयांना दार बंद होते. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तरी लीगचे दार लगेच उघडले नाही. १९१४ मध्ये मोहन बागान आणि आर्यन्स यांना प्रवेश मिळाला, तोही दुसऱ्या विभागात. पुढच्या वर्षी मोहन बागान पहिल्या विभागात गेला. पण पहिल्या विभागात दोनपेक्षा अधिक भारतीय संघ नसावेत, असा दंडक होता.

गुणवत्तेने वर येणाऱ्यालाही संख्येची अट घालायची, हे त्या काळचे 'वास्तव' होते. १९२४ मध्ये ईस्ट बंगालने बढतीचा हक्क मैदानावर मिळवला, तेव्हा कुठे तो दंडक मोडला आणि १९२५ मध्ये हा संघ पहिल्या विभागात उतरला.

४/
आता १९३४ कडे या. मोहम्मडन स्पोर्टिंग, स्थापना १८९१, दुसऱ्या विभागातून प्रथमच पहिल्या विभागात आला होता. मागील तीन वर्षे लागोपाठ डरहॅम लाइट इन्फंट्रीने विजेतेपद मिळवले होते. लीग सुरू होऊन छत्तीस वर्षे झाली होती आणि त्या अवधीत एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. मोहन बागान पहिल्या विभागात जवळजवळ वीस वर्षे झगडत होता, तरी त्याच्या वाट्याला विजेतेपद आले नव्हते.

आजचा वास्तववादी त्या दिवशी मैदानावर असता तर काय म्हणाला असता? हेच, की मियाँ, पहिलेच वर्ष आहे; तळाला जाऊ नका म्हणजे मिळवली. गुणतक्ता, परंपरा आणि राज्यकर्त्यांचे वजन या सर्व गोष्टी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हजर होत्या.

मोहम्मडन स्पोर्टिंगने त्याच हंगामात लीग जिंकली. कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ हा नवागत होता.

५/
हा केवळ दैवयोग होता असे कोणी म्हणू नये. १९३५, १९३६, १९३७ आणि १९३८ अशी पुढची चार विजेतेपदेही त्याच संघाची. १९३६ मध्ये लीगबरोबर आयएफए शील्डही त्यानेच घेतली. याच क्लबचा सलीम १९३६ मध्ये ग्लासगोला गेला आणि सेल्टिकच्या संघातून अनवाणी पायांनी खेळून त्याने स्कॉटिश प्रेक्षकांना थक्क केले. १९४० मध्ये मोहम्मडनने दिल्लीत ड्युरँड कप जिंकला. तो जिंकणारा हा पहिला भारतीय नागरी संघ. त्याच वर्षी मुंबईत येऊन त्याने रोव्हर्स कपही नेला.

६/
हे कसे घडले? दोन कारणे ठळक आहेत. पहिले असे की बंगालबाहेरूनही, दक्षिणेकडून आणि वायव्येकडून, खेळाडू निवडून आणले गेले. दुसरे कारण बुटांचे. भारतीय खेळाडू बहुधा अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर ते चपळ ठरत. पावसाळ्यात चिखल झाला की पलटणींच्या बुटांपुढे घसरत. मोहम्मडनने ओल्या मैदानावर बूट घालून खेळण्याचा सराव केला.

येथे थोडे थांबून विचार करावा. 'टिकून राहणे' हेच ध्येय असलेला संघ एवढी उठाठेव करत नाही. खेळाडूंची निवड बदलणे आणि वर्षानुवर्षांची सवय मोडणे हे जिंकण्याची अपेक्षा बाळगणाऱ्याचे उद्योग आहेत. बंगालमधील मुस्लिम समाजाची फार मोठी आशा या संघाच्या पाठीशी उभी होती. त्या आशेला पुढे जमातवादी राजकारणाचा रंग चढला आणि मैदानावरची कटुता वाढली, हे लपवण्याचे कारण नाही. अपेक्षा हे दुधारी शस्त्र असते. पण त्या संघाला पुढे रेटणारे बळ तेच होते, हेही तितकेच खरे.

७/
आता धाग्याच्या मुख्य प्रश्नाला हात घालतो. नवागताला पहिल्याच वर्षी जिंकणे शक्य व्हावे, अशी ती लीग होती तरी कशी?

राजकीयदृष्ट्या ती विषम होती. पंच, नियम आणि संघटना गोऱ्यांच्या हाती होत्या. आर्थिक दरी मात्र आजच्यासारखी नव्हती. फुटबॉल अधिकृतपणे हौशी होता. सामने शहरातल्या एकाच विस्तीर्ण मैदान परिसरात होत. आणि सर्वांत महत्त्वाचे, बलाढ्य पलटणींच्या बदल्या होत असत. आज कलकत्त्यात असलेली पलटण काही वर्षांनी दुसऱ्या छावणीत जाई आणि तिचा संघही तिच्याबरोबर जाई. यशातून पैसा, पैशातून खेळाडू आणि खेळाडूंतून पुन्हा यश, असे चक्र कोणालाही कायमचे आपल्या दारी बांधून ठेवता येत नव्हते.

त्या लीगमधल्या विषमतेला राजसत्तेचा आधार होता, साठवलेल्या पैशाचा नव्हता. ती नव्वद मिनिटांत हरवता येत होती.

८/
'ही हौशी काळातली गोष्ट झाली, व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे चालत नाही,' असा आक्षेप येईल. तेव्हा व्यावसायिक फुटबॉलच्या माहेरी, इंग्लंडला जाऊ.

बढती मिळाल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात देशाचे विजेतेपद जिंकणारे पाच संघ तेथे होऊन गेले: लिव्हरपूल (१९०६), एव्हर्टन (१९३२), टॉटनहॅम (१९५१), इप्सविच टाऊन (१९६२) आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट (१९७८). बहात्तर वर्षांत पाच वेळा, तीही दोन महायुद्धांत लीग बंद राहिली असताना. हा चमत्कार रोज घडत नव्हता. पण एका माणसाच्या आयुष्यात तो तीन-चारदा पाहायला मिळे, आणि 'पुढच्या खेपेला आपण का नाही?' असे विचारणारा चाहता वेडा ठरत नसे.

१९७८ नंतर असा संघ एकही नाही.

९/
इप्सविचचे उदाहरण विशेष बोलके आहे. हा संघ लीगमध्ये आला तोच १९३८ मध्ये. १९६१ मध्ये दुसरा विभाग जिंकून तो आयुष्यात प्रथमच अव्वल विभागात चढला आणि १९६२ मध्ये बर्न्लीला मागे टाकून विजेता झाला. प्रशिक्षक होते आल्फ रॅम्सी. पुढे १९६६ मध्ये याच गृहस्थांनी इंग्लंडला विश्वचषक जिंकून दिला. डाव्या बगलेवरच्या जिमी लेडबेटरला त्यांनी मागे ओढून खेळवले आणि प्रतिस्पर्धी बचावपटूंना त्याला कोणी अडवायचे हेच उमगेना. पुढे क्रॉफर्ड आणि फिलिप्स ही जोडी गोल करत राहिली.

दोनच वर्षांनी, १९६३-६४ मध्ये, १२१ गोल खाऊन हा संघ तळाशी गेला. वास्तववादी हे उदाहरण हसत हसत देतात. मी तेच माझ्या बाजूने मांडतो. वर जाण्याची आणि खाली येण्याची वाट सारखीच मोकळी होती. इप्सविचच्या लोकांना घसरण भोगावी लागली. पण त्यापूर्वी विजेतेपदही भोगायला मिळाले.

१०/
नॉटिंगहॅम फॉरेस्ट तर १९७७ मध्ये दुसऱ्या विभागात तिसरा आला होता. चौथ्या बोल्टनपेक्षा अवघा एक गुण अधिक मिळाला म्हणून त्याला बढती मिळाली. ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर या जोडीने त्या संघाला १९७८ मध्ये लिव्हरपूलच्या सात गुण पुढे नेऊन विजेता केले. त्यानंतर १९७९ मध्ये म्युनिकला माल्मोला आणि १९८० मध्ये माद्रिदला हॅम्बुर्गला हरवून फॉरेस्टने लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला.

'अंथरूण पाहून पाय पसरा' हे क्लफला सांगण्याची हिंमत कोणी केली असती, तर त्याचे काय झाले असते याची कल्पना त्याच्या वाचकांनी करावी.

११/
त्या काळच्या इंग्लिश लीगचे अंथरूण कोणत्या धाग्यांनी विणलेले होते?

एक: लीग सामन्याच्या तिकीटविक्रीतील ठरावीक वाटा, वीस टक्क्यांपर्यंत, पाहुण्या संघाला मिळे. मोठ्या मैदानावर खेळायला गेलेला लहान संघ पराभूत झाला तरी रिकाम्या हाती परतत नसे.

दोन: दूरचित्रवाणीचा पैसा लीगमधील सर्व ब्याण्णव संघांत सारखा वाटला जाई.

तीन: १९६१ पर्यंत खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती, अखेरीस ती आठवड्याला वीस पाउंड होती. ही मर्यादा खेळाडूंवर अन्याय करणारी होती आणि जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने ती मोडून काढली, हे योग्यच झाले. तिच्या पुनरागमनाची मागणी मी करत नाही. ती उठल्यानंतरही इप्सविच आणि फॉरेस्ट जिंकले, याकडे लक्ष द्यावे. उरलेले दोन धागे शाबूत होते तोवर अंथरूण पुरत होते.

१२/
आता कात्रीच्या तारखा.

१९८३: पाहुण्या संघाचा वाटा बंद झाला. यजमानाचे सर्व उत्पन्न यजमानाकडे. ज्याचे मैदान मोठे, त्याची तिजोरी मोठी.

डिसेंबर १९८५: मोठ्या संघांनी फुटून निघण्याची धमकी दिली. हीथ्रोजवळ झालेल्या समझोत्यात दूरचित्रवाणी आणि प्रायोजकांच्या पैशाचा अर्धा भाग एकट्या पहिल्या विभागाला मिळाला. ब्याण्णव समान वाट्यांचा काळ संपला.

१९९२: पहिल्या विभागातील बावीस संघ लीगमधून एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी प्रीमियर लीग स्थापन केली. दूरचित्रवाणीशी पाच वर्षांचा करार झाला तो ३० कोटी ४० लाख पाउंडांचा. वरच्यांचा पैसा आता वरच्यांतच वाटला जाणार होता.

या तीन निर्णयांपैकी एकही निसर्गनियम नव्हता. बैठका झाल्या, मते पडली, सह्या झाल्या. ज्यांना लाभ होणार होता तेच आग्रह धरून बसले होते.

१३/
परिणाम काय झाला? १९९४ मध्ये न्यूकॅसल आणि १९९५ मध्ये फॉरेस्ट बढतीनंतरच्या पहिल्याच वर्षी तिसरे आले. प्रीमियर लीगमध्ये नवागताने गाठलेली ती सर्वोच्च पायरी आहे, आणि दोन्ही उदाहरणे तिच्या पहिल्या तीन वर्षांतली आहेत. १९९७-९८ मध्ये वर आलेले तिन्ही संघ, म्हणजे बोल्टन, बार्न्सली आणि क्रिस्टल पॅलेस, त्याच वर्षी खाली गेले. तेव्हा ती अपूर्व घटना वाटली होती.

२०२३-२४ मध्ये बर्न्ली, शेफील्ड युनायटेड आणि लूटन असे तिघेही खाली गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन गेले. साउथॅम्प्टनने संपूर्ण हंगामात बारा गुण मिळवले आणि सात सामने शिल्लक असतानाच त्याचा निकाल लागला. दोन वर्षांत सहा आले, सहाही गेले. खाली जाणाऱ्यांना काही वर्षे 'पॅराशूट' नावाचे अनुदान मिळते, म्हणून तेच ते संघ वर-खाली करत राहतात आणि त्यांच्याही खालचे तिथेच अडकून पडतात.

१४/
'पण २०१६ मध्ये लेस्टर जिंकले ना?' हो, जिंकले. बढतीनंतरच्या दुसऱ्या हंगामात जिंकले आणि जगभर आनंद झाला. पण हंगामाच्या आरंभी सट्टेबाजांनी त्यांना कोणता भाव दिला होता? पाच हजारास एक. आधीच्या वर्षी चौदाव्या आलेल्या, अव्वल विभागातल्या व्यावसायिक संघाला! सट्टेबाज भावनेवर पैसे लावत नाहीत. तो आकडा म्हणजे कापलेल्या अंथरुणाचे माप आहे. दार उघडे असल्याचा पुरावा म्हणून तो दाखवला जातो, तेव्हा मला आश्चर्य वाटते.

आधुनिक फुटबॉलमध्ये दुसरे काही शक्यच नव्हते, हाही समज तपासून घ्यावा. जर्मनीत १९९७ मध्ये, बोसमन निकालाने खेळाडूंच्या बाजाराची उलथापालथ झाल्यानंतर, कायझर्सलाउटर्न दुसऱ्या विभागातून वर आला. पहिल्याच सामन्यात बायर्नला म्युनिकमध्ये १-० असे हरवले आणि ओटो रेहागेल यांच्या या संघाने त्याच हंगामात बुंडेसलिगा जिंकली. जर्मनीतही असे एकदाच घडले. तरीही ते अशक्य नव्हते.

१५/
हा वाद परदेशातलाच आहे असे समजणाऱ्यांनी आता आपल्या अंगणात यावे.

मे २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या पुनर्रचनेचा प्रस्ताव पुढे आला. २०१४ मध्ये फ्रँचायझींवर उभी राहिलेली इंडियन सुपर लीग वर आणि मैदानावर घडलेल्या संघांची आय-लीग खाली, असा त्याचा आशय होता. गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या संघांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. यांपैकी धेंपोची कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला हा संघ २०१५ मध्ये खाली गेला होता. त्याने निमूटपणे दुसरा विभाग खेळून तो जिंकला आणि २०१६ मध्ये बढती कमावली. वर येऊन पाहतो तर वरचा मजलाच खालचा ठरवण्याचे घाटत होते.

१६/
गोव्याचे संघ गेल्याने जागा रिकामी झाली. त्या जागी कोण आले? मिझोरमचा आयझॉल एफसी. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत आठवा येऊन तो खाली गेला होता. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण थेट प्रवेश मिळालेल्या त्या संघाला घसरणीपासून संरक्षण होते. आयझॉलला पुन्हा आत घेतले गेले. मुंबई एफसीतून बाहेर पडलेले खालिद जमील प्रशिक्षक म्हणून आले आणि ३० एप्रिल २०१७ रोजी आयझॉल भारताचा विजेता झाला. मोहन बागानपेक्षा एक गुण अधिक. ईशान्येकडील संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी गेला आणि त्याचा कारभारच आटोपला. देशाचा विजेता झालेल्या आयझॉलला मात्र सुपर लीगचे दार उघडले नाही. पुढे २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षे आय-लीग जिंकणाऱ्या गोकुलम केरळलाही उघडले नाही.

१७/
ते दार अखेर २०२३ मध्ये पंजाबसाठी आणि २०२४ मध्ये आपल्या जुन्या ओळखीच्या मोहम्मडन स्पोर्टिंगसाठी उघडले. १९३४ नंतर नव्वद वर्षांनी हा संघ पुन्हा नवागत म्हणून अव्वल विभागात शिरला. त्याआधी २०२१ मध्ये चाळीस वर्षांच्या खंडानंतर त्याने कलकत्ता लीग जिंकली होती आणि ती आणखी दोन वर्षे राखली होती. चाहत्यांच्या अपेक्षा उंचावल्या यात नवल ते काय?

हंगामात चोवीस सामने झाले. विजय दोन. क्रमांक तेरापैकी तेरावा. पगार थकल्याच्या कारणावरून खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकल्याच्या बातम्या आल्या; प्रशिक्षक मध्येच सोडून गेले. आणि वास्तववाद्यांनी सुस्कारा टाकला: पाहा, आम्ही म्हणत होतो ना!

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. चाहत्यांनी कमी मागावे, असे तुम्ही म्हणत होता. चाहत्यांनी फार मागितले म्हणून कोणाचाही पगार थकत नाही.

१८/
दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. अतिमहत्त्वाकांक्षेने बुडालेले संघ आहेत. इंग्लंडचा ब्रॅडफर्ड सिटी १९९९ मध्ये सत्त्याहत्तर वर्षांनी अव्वल विभागात आला. २००० मध्ये शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला १-० असे हरवून छत्तीस गुणांवर सतराव्या स्थानी तगला. त्या उन्हाळ्यात संघाने बेफाम खर्च केला; बेनितो कार्बोनेला आठवड्याला चाळीस हजार पाउंड देऊ केले. २००१ मध्ये तो खाली गेला आणि २००२ मध्ये दिवाळखोरीच्या दारात पोहोचला. त्या खर्चाला वेडेपणाचे सहा आठवडे हे नाव पुढे खुद्द अध्यक्षांनीच दिले.

धडा उघड आहे. पण तो कोणी शिकायचा? हिशेबाची वही चाहत्यांच्या हाती नव्हती, करारांवर सही त्यांची नव्हती. अपेक्षा बाळगणे आणि उधळपट्टी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहम्मडनने १९३४ मध्ये बूट बदलले. ब्रॅडफर्डने २००० मध्ये धनादेश फाडले. दोघांनाही एकाच मापाने मोजणारा इतिहासाचा अभ्यासक नव्हे.

१९/
मग चाहत्याने नक्की काय अपेक्षावे? पहिल्याच वर्षी करंडक मिळालाच पाहिजे, असा हट्ट मीही धरत नाही. १९३४ आणि १९७८ मध्येही तो हक्काने मिळालेला नव्हता. शंभरातला एखादा संघ तेथवर पोहोचला.

हक्काची मागणी दुसरी आहे. जिंकण्याची वाट मोकळी असावी. संपूर्ण लीगच्या खेळातून निर्माण होणारा पैसा संपूर्ण लीगपर्यंत झिरपावा. वर येण्याचा नियम असेल तर खाली जाण्याचाही असावा; २०२५ मध्ये मोहम्मडन तळाशी राहूनही खाली गेला नाही, कारण सुपर लीगमधून उतरण्याचा जिनाच बांधलेला नव्हता. ज्या घराला उतरायचा जिना नाही, त्याला चढायचाही खरा जिना नसतो. तेथे कधी कधी दोरी सोडली जाते, एवढेच. आणि बढती कोणाची हे मैदानावर ठरावे. २०२४-२५ च्या आय-लीगचा करंडक महासंघाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला दिला आणि जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने विजेता ठरवला इंटर काशी. १८९८ च्या कसोटी सामन्यांची लाज वाटून ज्या नियमाचा जन्म झाला, तो आपल्याकडे सव्वाशे वर्षांनंतरही कज्जेदालनात अडकतो.

२०/
'जुन्या वैभवाच्या आठवणीत रमणारे' असे या चाहत्यांना हिणवले जाते. माझ्या मते ते आठवणीत रमत नाहीत; ते आठवण करून देतात. इप्सविचच्या आजोबांनी नातवाला १९६२ सांगितले, कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या १९३४ सांगितले गेले. नवागत जिंकू शकतो, हे त्यांना कोणत्या सिद्धान्तावरून कळलेले नाही. ते घडताना घरातल्या कोणीतरी पाहिलेले आहे. अशी माणसे ज्यांना अडचणीची वाटतात, त्यांनाच अपेक्षा 'अवास्तव' ठरवण्याची घाई असते. कारण चाहत्याने सतराव्या क्रमांकावर समाधान मानले, की १९८३, १९८५, १९९२ आणि २०१४ चे निर्णय कोणी तपासायला बसत नाही.

इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांकडे माझे एक मागणे आहे. पुढच्या हंगामात एखादा संघ वर येईल आणि कोणीतरी त्याच्या चाहत्यांना अंथरुणाची म्हण ऐकवेल. तेव्हा त्या सद्गृहस्थाला नम्रपणे एवढेच विचारा, की हे अंथरूण एवढेच होते असे आपण म्हणता, ते कोणत्या सालापासून? साल सांगता आले नाही, तर त्याच्या वास्तववादाला इतिहासाचा आधार नाही असे समजा. आणि साल सांगता आले, तर पुढचा प्रश्न आपोआप येईल: त्या साली कात्री कोणाच्या हातात होती?